नानकटाई खुसखुशीत कशाने होते?

दिवाळी जवळ आली किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली, की कोल्हापूर-सांगली भागातल्या अनेक घरांतून मैदा, साखर आणि तूप यांच्या पिशव्या बेकरीकडे निघतात. जिन्नस घरचे द्यायचे, मजुरी देऊन ते भट्टीत भाजून घ्यायचे आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणायची, अशी ही जुनी रीत आहे. काही घरांतून पीठ घरीच तयार करून नेतात. आता पुष्कळ घरांत ओव्हन आल्याने सगळेच काम स्वयंपाकघरात उरकते. रीत कोणतीही असो, डबा उघडल्यावर होणारी चर्चा मात्र ठरलेली असते. नानकटाई जमली तर ‘हाताला चव आहे’ आणि बिघडली तर ‘भट्टीच बरोबर नव्हती’.

या दोन्ही उत्तरांत एकच अडचण आहे. पुढच्या वेळी नेमके काय बदलायचे, हे त्यांतून कळत नाही. वर्षानुवर्षे नानकटाई करणाऱ्या सुगरणीला जे कळलेले असते ते अस्सल ज्ञान असते. पण ते ‘अंदाजाने’, ‘जरासा’, ‘हाताला लागेल इतके’ अशा शब्दांत अडकून राहते आणि बहुधा तिच्याबरोबरच संपते. हे ज्ञान मोजून, तपासून इतरांच्या हाती देता येईल का, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी नानकटाईच्या पिठात आणि भट्टीत काय घडते ते आधी पाहू आणि मग शाळेत करता येण्याजोग्या एका प्रयोगाकडे वळू.

मोहनाचे काम

नानकटाईत मुख्य पदार्थ तीनच : मैदा, साखर आणि तूप. एक साधे प्रमाण असे धरता येईल : मैदा २०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, तूप १२० ग्रॅम आणि खाण्याचा सोडा १ ग्रॅम. वेलदोडा किंवा जायफळ चवीपुरते. या यादीत पाणी नाही, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पाणी का नको, हे समजण्यासाठी एक छोटा प्रयोग वर्गात करावा. मूठभर मैद्यात पाणी घालून घट्ट गोळा मळावा, अर्धा तास झाकून ठेवावा आणि मग पाण्याच्या भांड्यात हलक्या हाताने धूत राहावा. पाणी दुधासारखे पांढरे होते, ते पिष्ट. हातात उरतो तो पिवळसर, रबरासारखा ताणला जाणारा चिकट पदार्थ. याला ग्लूटेन म्हणतात. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी यांनी पिठातून हा पदार्थ वेगळा केल्याची हकीकत १७४५ साली प्रसिद्ध झाली. मैद्यात सुमारे १० टक्के प्रथिने असतात. त्यांतील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने पाण्यात भिजून आणि मळली जाऊन एकमेकांत गुंततात व त्यांचे लवचिक जाळे तयार होते. पाव फुगतो तो या जाळ्यात वायू कोंडला जातो म्हणून, आणि पोळी न फाटता लाटता येते तीही याच जाळ्यामुळे.

पावाला जे हवे तेच नानकटाईला नको असते. जाळे जितके मजबूत तितकी नानकटाई वातड किंवा टणक. येथे तूप मदतीला येते. ते मैद्याच्या कणांवर पातळ थर धरते, त्यामुळे जे थोडे पाणी असेल तेही प्रथिनांपर्यंत सहज पोचत नाही आणि लांब धागे जुळत नाहीत. शंकरपाळ्यांत किंवा करंजीच्या पारीत आपण तुपाचे मोहन घालतो, ते याच कारणासाठी. मोहन कमी पडले की करंजी कडक होते आणि जास्त झाले की तेलात सुटते. नानकटाई म्हणजे मोहनाची परिसीमाच. तीत तूप मैद्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असते.

तुपाऐवजी लोणी वापरल्यावर नानकटाई वेगळी का होते, याचेही उत्तर येथेच मिळते. बाजारात मिळणाऱ्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. १२० ग्रॅम लोणी घेतले तर त्याबरोबर चार चहाचे चमचे पाणी नकळत पिठात जाते. शिवाय स्निग्धांश तेवढा कमी होतो. पीठ सैल वाटले म्हणून वर मैदा घातला आणि ‘एकजीव व्हावे’ म्हणून खूप मळले, तर ग्लूटेनला हवे ते सगळे मिळते. म्हणून नानकटाईचे पीठ मळायचे नसते; फक्त गोळा जमेल इतपत सारखे करायचे असते.

तूप थिजलेले की पातळ?

‘तूप आणि साखर पांढरे होईपर्यंत फेसावे’ अशी सूचना बहुतेक कृतींत असते. फेसताना तुपात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकतात. प्रत्येक बुडबुड्यावर प्रकाश विखुरला जातो, म्हणून पिवळसर तूप पांढरे दिसू लागते. हवा खरोखर शिरली की नाही, हे तपासायला सोपा उपाय आहे. एक लहान वाटी फेसण्याआधीच्या मिश्रणाने काठोकाठ भरून तोलावी आणि नंतर तीच वाटी फेसलेल्या मिश्रणाने भरून तोलावी. दुसरे वजन कमी भरते. घनतेचा धडा शिकवायला याहून स्वस्त उपकरण मिळणार नाही.

पण हवा धरून ठेवायला तूप थिजलेले आणि मऊ हवे. पातळ तुपातले बुडबुडे वर येऊन फुटून जातात. तूप हे अनेक स्निग्ध पदार्थांचे मिश्रण असल्याने त्याला बर्फासारखा एकच द्रवणांक नसतो. ते हळूहळू मऊ होत जाते आणि ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास बहुतेक वितळलेले असते. आता कोल्हापूरच्या हवेचा विचार करू. दिवाळीच्या सुमारास पहाटे हवा गार असते आणि बरणीतले तूप थिजलेले असते. एप्रिल-मेच्या दुपारी तापमान ३५ अंशांच्या वर जाते आणि तेच तूप तेलासारखे वाहते. दिवाळीत उत्तम जमलेली नानकटाई त्याच हातांनी, त्याच प्रमाणाने मे महिन्यात केली तर पसरट आणि दडस होते, याचे एक मोठे कारण हे आहे. उपाय साधा आहे. उन्हाळ्यात परात गार पाण्यावर ठेवून तूप थिजवून घ्यावे आणि वळलेल्या नानकटाया भाजण्यापूर्वी अर्धा तास थंड जागी ठेवाव्यात.

येथे वनस्पती तुपाचाही उल्लेख करायला हवा. वनस्पती तूप उन्हाळ्यातही घट्ट राहते, म्हणून बेकऱ्यांत आणि घरांत ते फार वापरले गेले. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या रीतीचे पेटंट जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घेतले. ही क्रिया अर्धवट झाली तर ट्रान्स प्रकारची मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयविकाराचा धोका वाढवतात, हे पुढे स्पष्ट झाले. भारतात जानेवारी २०२२ पासून तेले आणि स्निग्ध पदार्थांत अशा मेदाम्लांची कमाल मर्यादा २ टक्के ठरवण्यात आली आहे. घरी नानकटाई करण्याचा एक फायदा हाच, की त्यात कोणते तूप पडते ते आपल्याला माहीत असते.

सोडा : चिमूट किती मोठी?

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो तापला की त्याचे विघटन होऊन सोडियम कार्बोनेट, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. १ ग्रॅम सोड्यातून केवळ उष्णतेने मिळणारा कार्बन डायऑक्साइड खोलीच्या तापमानाला मोजला तर सुमारे १४५ मिलिलिटर भरतो. सोबत पुरेसे आम्ल असेल तर संपूर्ण बायकार्बोनेटचा उपयोग होतो आणि वायू जवळजवळ दुप्पट मिळतो. काही कृतींत चमचाभर दही घालतात, ते यासाठी. मात्र हा वायू स्वतः नवे बुडबुडे निर्माण करत नाही. फेसताना जे बुडबुडे आधीच अडकलेले असतात त्यांत शिरून त्यांना मोठे करतो. त्यामुळे फेसण्याचा कंटाळा केला तर त्याची भरपाई जादा सोड्याने होत नाही.

जादा सोडा उलट नडतो. मागे राहिलेले सोडियम कार्बोनेट, म्हणजेच धुण्याच्या सोड्यातील क्षार, चांगलेच अल्कधर्मी असते. त्याने नानकटाईला साबणासारखी चव येते आणि ती लवकर काळपट होते. हे वर्गात दाखवता येते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकले तर रंग थोडासाच बदलतो. तोच सोडा कोरड्या तव्यावर दहा-पंधरा मिनिटे चांगला तापवून, गार करून पाण्यात विरघळवला आणि ते पाणी टाकले तर कागद गडद तांबडा होतो. मग जादा सोडा घातलेल्या नानकटाईचा चुरा पाण्यात कालवून त्याचाही थेंब टाकून पाहावा.

बिस्किटांच्या धंद्यात सोड्याबरोबर अमोनियम बायकार्बोनेटही वापरतात. तापल्यावर त्याचे अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असे पूर्णपणे वायूंत रूपांतर होते. क्षार मागे उरत नाही. पातळ, कोरड्या बिस्किटातून अमोनिया उडून जातो. पण ओलसर, जाड केकात तो अडकून राहील आणि केक खाववणार नाही. तेव्हा कोणता क्षार योग्य, हे पदार्थात किती पाणी आहे यावर ठरते.

भट्टीत काय घडते?

लाकडावर तापवलेल्या विटांच्या भट्टीत उष्णता तिन्ही मार्गांनी येते. तळाच्या विटांतून पत्र्यात वहनाने, तापलेल्या कमानीतून प्रारणाने आणि आतल्या हवेतून अभिसरणाने. विटांचे वजन मोठे असल्याने त्या पुष्कळ उष्णता साठवतात आणि सावकाश सोडतात. म्हणून भट्टी कडक असताना पाव आणि ती उतरू लागली की नानकटाई, असा क्रम लावता येतो. नानकटाईला १६० ते १७० अंशांची, सर्व बाजूंनी येणारी संथ उष्णता मानवते. घरी कुकरमध्ये मिठाचा किंवा वाळूचा थर घालून भाजताना उष्णता मुख्यतः खालून येते, म्हणून वरचा भाग फिका असतानाच तळ करपतो. वाळूवर स्टँड ठेवून मध्ये हवेची पोकळी राखली तर फरक पडतो. कुकर असा वापरताना त्याचे रबर आणि शिट्टी काढून ठेवलीच पाहिजे.

भट्टीत गेल्यावर प्रथम तूप वितळते आणि गोळा पसरू लागतो. मागोमाग सोड्याचे विघटन वेग घेते आणि गोळा फुगतो. वरची साल आधी सुकते आणि आतला भाग फुगत असतो, म्हणून वर भेगा पडतात. पुढे उरलेसुरले पाणी वाफ होऊन जाते. भट्टी फार थंड असेल तर साल धरण्याआधीच तूप वितळून नानकटाई चपटी होते. फार गरम असेल तर साल लगेच धरते आणि आत कच्चेपणा राहतो.

विशेष म्हणजे पोळी किंवा भात ज्या अर्थाने शिजतो त्या अर्थाने नानकटाई शिजत नाही. पिष्टाचे कण फुगून शिजायला पाणी लागते आणि ते येथे जवळजवळ नसते. त्यामुळे पिष्टाचे बहुतेक कण मूळ रूपातच राहतात. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर नानकटाईचा आणि भाताच्या शिताचा किंचित चुरा थंड पाण्यात कालवून, आयोडीनचा थेंब टाकून, शेजारी शेजारी पाहावा. मग नानकटाईला आकार कोण देते? मुख्यतः थंड होताना घट्ट होणारी साखर आणि थिजणारे तूप. म्हणूनच भट्टीतून काढताच ती बोट लावले तरी मोडते आणि पंधरा मिनिटांनी हातात धरता येते. ‘अजून मऊच आहे’ म्हणून पत्रा पुन्हा आत ढकलणे, हे नानकटाई टणक होण्याचे घरोघर आढळणारे कारण आहे.

घरच्या ओव्हनची तबकडी दाखवते तेच तापमान आत असते असे नाही. ते तपासायला साखर उपयोगी पडते. शुद्ध साखर सुमारे १८६ अंशांना वितळते. चमचाभर दाणेदार साखर लहान ताटलीत घालून ओव्हन १७० वर ठेवून पंधरा मिनिटे आत ठेवावी. साखर वितळली तर ओव्हन दाखवतो त्याहून जास्त तापतो आहे, हे नक्की.

रंग, वास आणि कोल्हापुरी गूळ

नानकटाईचा बदामी रंग आणि खमंग वास मुख्यतः मेलार्ड क्रियेतून येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेलार्ड यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या या क्रियेत काही विशिष्ट शर्करा आणि प्रथिनांतील अमिनो गट यांचा संयोग होऊन अनेक रंगीत व सुवासिक द्रव्ये तयार होतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या शर्करा या क्रियेत सहज भाग घेतात. साखर, म्हणजे सुक्रोज, विघटन पावल्याखेरीज घेत नाही.

आता साखरेच्या जागी गूळ घालून पाहू. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ तर आपल्या दाराशीच आहे. गुळात सुक्रोजबरोबर थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, थोडे पाणी असते, शिवाय खनिजे आणि सौम्य आम्लेही असतात. त्यामुळे गुळाची नानकटाई साखरेच्या नानकटाईपेक्षा लवकर रंग धरते आणि तितक्याच भट्टीत करपू शकते. तिला आच थोडी मंद हवी. फ्रुक्टोज हवेतील बाष्प ओढून घेते, म्हणून ती लवकर मऊही पडते.

यावरून एक प्रश्न मुलांना घालावा : पाव उघडा ठेवला तर कडक होतो आणि नानकटाई उघडी ठेवली तर सादळते, असे उलट का? पावात ३५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, नानकटाईत ५ टक्क्यांहूनही कमी. कोरड्या हवेत पाव पाणी गमावतो. दमट हवेत नानकटाई ते मिळवते. पाव शिळा होताना त्यातील पिष्टाची रचनाही बदलते, हे मोठ्या वर्गांतील मुलांना सांगावे. आषाढातल्या कोल्हापुरात डब्याचे झाकण घट्ट का हवे, आणि गरम नानकटाई डब्यात का भरू नये, हे मग सांगावे लागत नाही.

एका वेळी एकच बदल

आता शाळेतला प्रयोग. वर्गाचे पाच गट करावेत. प्रत्येक गटाने १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम तूप आणि अर्धा ग्रॅम सोडा घेऊन २० ग्रॅमच्या दहा नानकटाया वळाव्यात. वाटीने न मोजता तोलावे; दाबून भरलेली आणि भुरभुरून भरलेली मैद्याची वाटी तोलून पाहिली, की याचे कारण मुलांना कळते. अर्धा ग्रॅम सोडा तोलणे कठीण आहे. त्यासाठी ५ ग्रॅम सोडा तोलून कागदावर त्याची सारखी लांब रेघ करावी आणि पट्टीने तिचे दहा समान भाग करावेत.

पहिला गट मूळ कृतीप्रमाणे चालेल. दुसरा तूप पातळ करून घेईल. तिसरा सोडा दुप्पट घालेल. चौथा दोन चहाचे चमचे पाणी घालेल. पाचवा साखरेऐवजी गूळ घेईल. बाकी सर्व तंतोतंत सारखे. पत्र्याचा एक कोपरा जास्त तापत असेल तर त्याचा परिणाम एकाच गटावर होऊ नये, म्हणून प्रत्येक पत्र्यावर पाचही गटांच्या सारख्याच नानकटाया मिसळून ठेवाव्यात. गरम पत्रे मोठ्यांनीच हाताळावेत.

गार झाल्यावर सहा नानकटाया एका रांगेत चिकटून ठेवून एकूण लांबी मोजावी आणि सहाने भागावी. हा सरासरी व्यास. त्याच सहा एकावर एक रचून उंची मोजावी. व्यासाला उंचीने भागले की ‘पसरटपणा’ हा आजवर बोलण्यातला शब्द आकड्यात येतो. गुळाच्या गटाबाबत चर्चा अवश्य घ्यावी. तेथे आपण नावाला एकच गोष्ट बदलली; प्रत्यक्षात पाणी, आम्ल आणि शर्करेचा प्रकार असे तीन बदल एकदम झाले. फरक यांतील कशाने पडला, हे या एका प्रयोगातून सांगता येणार नाही. ते शोधायला पुढचा प्रयोग कसा आखाल, हे मुलांनाच विचारावे.

चवीचे काय? तीही तपासता येते. समजा, पातळ तुपाची नानकटाई चवीला खरेच वेगळी लागते का, हे पाहायचे आहे. बारा मुलांना डोळे बांधून प्रत्येकी तीन तुकडे द्यावेत : दोन एका प्रकारचे, एक दुसऱ्या. वेगळा कोणता ते ओळखायचे. तुकड्यांचा क्रम प्रत्येक वेळी बदलावा. नुसत्या अंदाजाने सांगितले तरी बारांपैकी सरासरी चौघांचे उत्तर बरोबर येईल. आठ किंवा त्याहून अधिक जण बरोबर निघण्याची शक्यता केवळ योगायोगाने सुमारे २ टक्केच आहे. मोठ्या वर्गांतील मुलांनी हा आकडा स्वतः काढून पाहावा. आठांहून कमी जणांनी ओळखले, तर ‘फरक नाही’ असे सिद्ध होत नाही; फरक दाखवता आला नाही, इतकेच म्हणता येते.

प्रयोगाला मुलगे आणि मुली दोघांनीही पीठ करावे आणि दोघांनीही तोलावे. आधीच्या दिवशी प्रत्येकाने घरी आई, आजी किंवा शेजारच्या काकूंना नानकटाईची कृती विचारून आणावी आणि ‘अंदाजाने’ हा शब्द आला की त्यांच्या हातचे ते माप तोलून घ्यावे. अशा वीस-पंचवीस कृती ग्रॅममध्ये मांडल्या, की मैदा, साखर आणि तूप यांची प्रमाणे घरागणिक किती बदलतात आणि कोणत्या मर्यादेबाहेर सहसा कोणीच जात नाही, हे दिसू लागेल. ती मर्यादा गल्लीतल्या बायकांनी कित्येक वर्षांच्या चुका-दुरुस्त्यांतून शोधलेली असते. शाळेच्या वहीत ती आकड्यांसह आणि सांगणाऱ्यांच्या नावांसह नोंदवून ठेवावी आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने तेथून पुढे सुरुवात करावी.